सकाळचं तोंड

संयुक्त महाराष्ट्रासाठी सारखे हरताळ होत होते. गिरण्या बंद असल्या की बाबा घरी असायचे. एरवी ते पहिल्या पाळीला अंधारातच निघत, त्यामुळे उठल्या उठल्या त्यांचं तोंड आम्ही उजेडात कधी पाहिलंच नव्हतं.

मी बारा वर्षांची होते. हरताळाच्या एका सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत बाबांसाठी चहा घेऊन गेले, तर अंथरुणावर दुसराच कोणी बसला होता. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गाल फुगून तुकतुकीत. दुपारपर्यंत सूज उतरली आणि बाबा बाबांसारखे दिसू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस पुन्हा आला.

आई हळूच म्हणाली, "ह्यां तोंड तुमचां न्हय. भावोजींचां आसा."

बाबांचे थोरले भाऊ गावी असेच सुजत सुजत गेले होते. बाधा म्हणून त्यांच्यासाठी कोंबडे दिले होते. आईने मात्र बाबांना नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि भावाचंही त्यांना सांगितलं. मीही गेले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, पारा पाहिला, पुन्हा आवळला. मग बाबांची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पिवळं पाणी वरून दुधासारखं नासत गेलं.

"हे रक्तातलं सत्त्व. रक्ताचा दाब फार वाढलाय, मूत्रपिंडं झिजताहेत, म्हणून गळतंय. भावालाही बहुधा हेच झालं असेल."

"पण माका खंयच दुखत नाय," बाबा म्हणाले.

"यात दुखत नाहीच."

मीठ बंद, सुकी मासळी बंद, रोज गोळी. गोळ्यांनी बाबा इतके शांत झाले, की खिडकीखालून मोर्चा जाई आणि ते भिंतीकडे बघत बसत. हाक मारली तर फार उशिरा मान वळवत. त्यापेक्षा ती सूज परवडली, असं मला वाटे. डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, तेव्हा ते बोलू लागले. हळूहळू सूजही गेली. झिजलेलं भरून येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण उरलेलं राखता येईल.

मग बाबांनी गावाहून त्या थोरल्या भावाच्या मुलाला बोलावून घेतलं. पंचविशीतला, धडधाकट. दवाखान्यात तो हसतच बसला. डॉक्टरांनी पट्टा आवळला, पारा वर वर जात राहिला. बाबांनी त्याचा दुसरा हात धरून ठेवला होता.

त्या संध्याकाळी आईने दोघांची अळणी आमटी एकाच टोपात केली.