पक्का नसलेला हिरवा

९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. मी देवनहळ्ळीच्या प्रयोगशाळेत कामावर असताना बाबांचा फोन आला, “अक्का गेली गं...” बनशंकरी भागातल्या आमच्या घरी पोहोचले तेव्हा खालची खोली माणसांनी भरली होती. मी गच्चीवर गेले. तिची काचेची चौकट उन्हात तशीच होती.

अक्का माझी आत्या. आमच्या कापडदुकानाच्या गल्ल्यावर तीस वर्षे बसली. गुडघ्यांनी दुकानाचा जिना नाकारल्यावरच उठली आणि उन्हाने चित्रे काढायला हट्टाने गच्चीचा जिना चढू लागली. पालकाचा रस कागदावर चढवायचा, वर एखादे पान ठेवून काच दाबायची आणि दोन-तीन आठवडे उन्हात सोडायचे. उघड्या भागाचा हिरवा उडतो, पानाखालचा राहतो, चित्र तेवढेच. पण घडवणारा उजेडच ते पुढे पुसतही जातो. म्हणून चित्रे खणात असत आणि पाहुण्यांना पडदे ओढून क्षणभर दाखवली जात. मी रोज डोकावले की ती म्हणे, “स्वल्प थांब की! पालेभाजी आहे, इन्स्टंट कॉफी नव्हे.”

हा नाश मला मान्य नव्हता. एका चित्रावर मी मोरचुदाचे द्रावण वापरले. रंग टिकला, मात्र काळवंडला. अक्काने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “भाजी करपवलीस की गं!”

“पण टिकेल, अक्का.”

“तीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘रंग पक्का’ म्हणून सांगत आले. आता एक तरी कच्चा असू दे...”

ती गेली त्या दिवशी काचेखाली कुंडीतल्या कढीपत्त्याची डहाळी होती. चित्र पूर्ण झाले की ती “सरी, उचल” म्हणे; सरी म्हणजे ठीक, झालं. आता ते कोण म्हणणार? खालून हाका येत होत्या. ऊन भिंतीमागे जाईपर्यंत मी चौकटीशेजारी बसून राहिले. मग काच उचलली. डहाळीची पाने एकेक ओळखू येत होती, देठाजवळ मात्र हिरवा अजून पुरता उडाला नव्हता.

चित्र खणात ठेवण्याआधी डहाळीचा ठसा आणि मोकळा कागद यांच्या रंगातला फरक मी प्रयोगशाळेतल्या रंग मोजायच्या यंत्राने मोजला: एकतीस. त्यानंतर दर रविवारी मोजत आले. आकडा उतरत गेला, म्हणजे चित्र विरत गेले, खण बंद असूनही. मागच्या आठवड्यात मोरचुदाचे द्रावण तयार केले, कागद चिमट्यात धरला... आणि द्रावण मोरीत ओतून दिले.

आज दुपारी पडदे ओढून पुन्हा मोजले. यापुढे खण उघडेन तो नुसते चित्र पाहण्यासाठी, यंत्राशिवाय. शेवटचा आकडा: चोवीस.