एक पाय सोडवलेला डायोड

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावऱ्याला, माहेरी, आईसोबत कांदे निवडत बसले होते. सकाळी त्यांना दुकानात बसवूनच एसटी धरली होती. "बाकावर मान टाकली... उठलंच न्हाईत," एवढंच आमच्या ह्यांना बोलता आलं. आबा म्हणजे माझे सासरे. वरवंडला हायवेलगत चार्जर-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान त्यांचं, आणि लग्नानंतर माझंही. महिना उलटला, तरी दुकानात शिरताना पदर सारखा करायला हात आपोआप वर जातो.

दौंडच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकून मी या घरात आले. सासूबाईंनी विचारलं, भाकरी थापता येते का. आबांनी विचारलं, डायोड तपासता येतो का. मी तोऱ्यात डायोडचा पी थर, एन थर, मधला सांधा, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आबा खूश झाले. "बराबर हाय. पर गिऱ्हाइकाला सांगताना मोटरचा फुटव्हॉल म्हणायचं. पाणी वर चढतंय, माघारी येत न्हाई." ज्याच्या शेतात मोटर आहे, त्याला करंट एकाच दिशेनं का जातो हे दुसऱ्या कशानं इतकं चटकन पटणार?

तपासायची त्यांची रीत मात्र देवपूजेसारखी कडक. आधी विजेची वायर काढायची. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा, त्याची काळी पिन डायोडवरच्या पट्ट्याच्या बाजूला, लाल दुसऱ्या टोकाला. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा दिसला की मी "चांगला" म्हणून मोकळी व्हायचे. "दुसरीकडनं?" ते विचारायचे. पिना उलटवल्यावर मीटरनं काहीच जात नाही असं दाखवलं, तरच डायोड चांगला. दोन्हीकडून जात असेल तर शॉर्ट, दोन्हीकडून अडत असेल तर तुटलेला. आणि हे सगळं डायोडचा एक पाय, म्हणजे एका टोकाची तार, बोर्डातून सोडवूनच; नाहीतर शेजारच्या भागांतून जाणारा करंट मीटरला फसवतो. एकदा मी घाईत बोर्डावरच तपासून दोन डायोड बाद केले. आबांनी दोघांचा एकेक पाय उचलला, तर एक ठणठणीत निघाला! "शेजारी जळाला म्हून ह्यालाबी जाळती व्हय गं?" म्हणत किती तरी वेळ हसत होते. तपासणाऱ्यानं निकाल मोठ्यानं सांगायचा, "इकडनं जातंय, तिकडनं अडतंय," आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "बसव मंग." त्याशिवाय आमच्याकडे कुठलाच पाय परत सोल्डर झाला नाही.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचाही जवळजवळ गेली. घरात माणसांची रीघ. जो तो वाकून विचारी, "आबा, मला वळखलं का?" आबा नुसते बघत राहायचे. त्यांना काही समजत नाही, असं सगळ्यांचं ठरून गेलं. कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करणारे आमचे हे हताश होऊन म्हणाले, "दुकान भाड्यानं देऊन टाकू." मला ते सहन झालं नाही. माणूस बाद करायचा, तर आधी या गर्दीतून सोडवून तरी बघा! मी हट्टच धरला, तेव्हा ह्यांनी त्यांना दुकानात आणून बाकावर बसवलं. शटर अर्धं ओढलं. मी डायोड धरला, काळी पिन लावली, लाल पिन त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ती दुसऱ्या टोकाला टेकवली. आकडा आला. आबा मीटरकडे बघत राहिले, ओठ हलले... "दुसरीकडनं."

हे तोंड फिरवून रडले. आबा त्यानंतर रोज दुकानात येत राहिले, एका हातानं आणि मोजक्या शब्दांनी माझं काम तपासत राहिले. इतका आतून भरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या दिवशी माहेरी निघण्याआधी मी फवारणी पंपाच्या चार्जरमधल्या एका डायोडचा पाय सोडवून ठेवला होता. "आल्यावर बघू, आबा," म्हटलं, त्यांनी मान हलवली. तो चार्जर परवापर्यंत तसाच टेबलावर पडून होता. परवा धीर करून पिना लावल्या. इकडून. मग तिकडून. सवयीनं मोठ्यानं बोलून गेले, "इकडनं जातंय, तिकडनं अडतंय," आणि हात थांबला. बाकावर कोणीच नव्हतं. डोळे भरून आले, समोरचा मीटरही दिसेना.

पाळी सुटून आलेले आमचे हे दारात उभे होते, डबा हातात तसाच. लहानपणापासून ऐकलेलं, पण कधी न बोललेलं ते वाक्य त्यांना अडखळतच आलं.

"बसव मंग."