रान नसलेल्यांची वेळ अमावस्या

शेजारच्या काकूंची मुलगी बर्लिनला शिकते. तिकडच्या आपल्या आवडीच्या जागा ती आईला फोनवर दाखवते. कालव्यावरचा पूल, लायब्ररी, कॉफीचं दुकान. काकूंचा सवाल एकच, "तिथं कुणी बोलतं का गं तुझ्याशी?" मुलगी वैतागते, "आई, नजारा बघ की!" काकू बघतात ती तिच्या शेजारची रिकामी खुर्ची.

माझं लातुरात रान नाही. पण वेळ अमावस्येला सारं गाव रानात जेवायला जातं, आणि त्या दिवशी मी घरी जेवलो तर काकूंना तो स्वतःचाच कमीपणा वाटतो. यंदाही त्यांनी मला नेलंच. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बांधलेल्या कोपीपुढं आम्ही जेवत होतो, तेवढ्यात फोन आला. मुलगी एका छोट्या बागेत उभी होती. "ही माझी सगळ्यात आवडती जागा." बाग तिच्या शेजारच्या म्हातारीची, तिनंच बोलावलेलं. इथून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील म्हातारी पीत होती, तोंड वाकडं करत, पण पीत होती.

काकूंनी नेहमीचा सवाल विचारलाच नाही. पदरानं फोन पुसून त्या बघत राहिल्या.

"लई वाळलीय गं माय ती म्हातारी. पुढच्या साली घेऊन ये तिला. कोपी जरा मोठी बांधू."