तारमास्तरांची आंघोळ

मंजू, अशी जवळ ये बघू. तू पुण्यात आणि मी शेवगावात, तेव्हा निदान हा कागद तरी डोळ्यांजवळ धर, कारण मी तुला रागावणार आहे. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, मी वायरलेसला नवा ट्यूनर घेतला. बटण दाबलं की आपोआप जुळतो. तुझी ती जुनी पेटी आता भंगारात देऊन टाक." देऊन टाक म्हणे! अगं, तुला या वायरलेसचं वेड लावलं कोणी? मी. आणि मला कोणी लावलं? ते तू कधी विचारलंच नाहीस. आता ऐक, आणि मधे बोलू नकोस.

आमच्या गल्लीत तारमास्तर राहायचे. ते रोज सकाळी अंगणात, जमिनीत ठोकलेल्या एका लोखंडी कांबीशेजारी दगड मांडून आंघोळ करायचे. घरात चांगली शहाबादी फरशीची न्हाणी होती, पण ती बायकोला. स्वतः मात्र गुडघ्यापर्यंत पंचा लावून, "प्रभू, तुझी कृपा" असं मोठ्यानं म्हणत कांबीला खेटून बसायचे. तांब्या डोक्यावर ओतला की पाणी अंगावरून थेट कांबीच्या खड्ड्यात जाई. माझी आई भिंतीवरून बघायची आणि म्हणायची, "लई शिकलेला मानूस हाय, पर डोस्कं फिरलंय. ख्रिस्ती असून कांबीला अभिषेक घालतोय!"

तो बहात्तरचा दुष्काळ. विहिरीवर पहाटेपासून हंड्यांची रांग. मास्तरीणबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्या घरचे दोन हंडे मीच भरून द्यायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, सातवीत शाळा सुटलेली, लग्न ठरत नव्हतं आणि तोंड गप्प बसत नव्हतं. एक दिवस हंडा ठेवता ठेवता मी म्हटलंच, "मास्तर, एवढ्या लांबून पाणी आणायचं आणि तुम्ही ते मातीत घालवता?"

"घालवत नाही गं, पाजतो," मास्तर म्हणाले. "आधी मी पितो, मग माझं अंग पितं, मग माझा सेट पितो. एका तांब्यात तिघं. तू आण बरं असा काटकसरी माणूस दुसरा!"

मग त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर त्यांनी स्वतः बांधलेला, ऐकायचा आणि बोलायचाही, वायरलेसचा सेट होता. सरकारी परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला, येशूच्या तसबिरीच्या बरोबर खाली. सेटपासून एक तार खिडकीतून बाहेर जाऊन थेट लिंबाच्या शेंड्याला बांधलेली, ती एरियल. दुसरी तार कांबीला, ती अर्थ, म्हणजे जमिनीशी जोड. आणि सेट व एरियल यांच्या मधे चहाच्या खोक्याच्या फळ्यांची एक पेटी. तिला दोन बाजूंना दोन गोल मुठी आणि मधे एक खटका. तोच तो ट्यूनर, जो तू भंगारात घालायला निघालीस.

"हा सेट म्हणजे नवरामुलगा," मास्तर म्हणाले. "आणि ती तार म्हणजे नवरी. दोन्ही घराणी चांगली, पण एकमेकांचं पटत नाही. सेटनं पाठवलेलं तार घेत नाही, अर्धं परत धाडते. ही पेटी मधली मध्यस्थ. डावी मूठ मुलाकडची समजूत काढते, उजवी मुलीकडची." मग माझ्याकडे बघून हसले. "तुझं जुळेल तेव्हा जुळेल. आधी हे जुळव."

मला का बोलावलं, ते त्यांनी मूठ धरली तेव्हा कळलं. तारखात्यात तीस वर्षं कट्ट-कडकट्ट केलेला त्यांचा उजवा हात थरथरायचा. मूठ केसभर फिरवायची, तर तो बोटभर फिरवायचा. कान मात्र शाबूत. गल्लीच्या टोकाला कोणाची सायकल कुरकुरली तरी नाव सांगायचे. "माझ्याकडे कान आहेत, तुझ्याकडे हात आहेत," म्हणाले. "दोघं मिळून एक माणूस होतो की नाही बघू."

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी की पहिले पंधरा दिवस त्यांनी मला सेटवर बोलण्याचं बटण दाबूच दिलं नाही. नुसतं ऐकायचं. रेडिओ खरखरत असतो ना, ती खरखर. मधला खटका एकेक घर सरकवायचा आणि कुठल्या घरी खरखर फुगते ते बघायचं. मग दोन्ही मुठी आळीपाळीनं, हळू. "स्टोव्हला पंप मारतेस ना? भुरभुर, भुरभुर आणि मग एकदम भर्र! ती भर्र शोध." स्टोव्ह म्हटल्यावर मला पटकन कळलं. रोजचीच ती. मी डोळे मिटून मुठी फिरवायचे आणि भर्र झाली की मास्तरीणबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आलं गं, मलाही ऐकू आलं!"

त्यानंतर खरी जुळणी. मास्तर बटण दाबून थोडीशी शक्ती सोडायचे आणि मी एका छोट्या काट्याकडे बघत मुठी फिरवायचे. तार किती परत धाडते ते तो काटा दाखवायचा. तो खाली बसला की जुळलं. एक गोष्ट मात्र त्यांनी दहादा बजावली होती. बटण दाबलेलं असताना मधला खटका हलवायचा नाही, आत ठिणगी पडते. आणि काटा वर असताना जास्त वेळ रेंगाळायचं नाही, सेटमधला मोठा व्हॉल्व्ह, म्हणजे तो काचेचा दिवा, तापून लाल होतो. तो त्यांचा शेवटचा व्हॉल्व्ह होता. मुंबईच्या जुन्या बाजारात हिंडून आणलेला, आणि तसा पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

मी हुशारी केली. जुळलं की मुठींवरचे आकडे एका वहीत लिहून ठेवायला लागले. डावी चार, उजवी सात, खटका तीनवर. म्हटलं, रोज रोज कशाला ऐकत बसायचं? एका सकाळी मी थेट वहीतले आकडे लावले आणि म्हटलं, "हं मास्तर, दाबा." मास्तरांनी दाबलं. काटा टणकन वर गेला तो खाली येईना, आणि सेटच्या जाळीतून व्हॉल्व्ह जास्वंदीसारखा लाल दिसायला लागला. मास्तरांनी बटण सोडलं. खोलीत जळकट वास. मला वाटलं आता मार बसतो.

मास्तरांनी वाकून व्हॉल्व्ह पाहिला. तो हळूहळू काळवंडला, जगला. मग म्हणाले, "वहीत कालची तार आहे. आजची बाहेर आहे." एवढंच. आणि उठून पोस्टातल्या तिकिटांच्या शीटच्या कडेची डिंक लावलेली पट्टी शोधून आणली, थुंकी लावली आणि मुठींवरचे सगळे आकडे झाकून टाकले. पेटी बघ कधी नीट. त्या पट्ट्या अजून आहेत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर रविवारच्या अर्ध्या तासासाठी. चर्चमधून आले की अकराच्या ठोक्याला मास्तर भोपाळच्या एका दोस्ताशी बोलायचे. तेही निवृत्त तारवाले. नोकरीत एकाच लाईनच्या दोन टोकांना दोघांनी वर्षानुवर्षं तारा घेतल्या-दिल्या, पण एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. बोलणं काय? भोपाळवाले विचारायचे, "आज क्या पका है?" मास्तर सांगायचे, "वांग्याचं भरीत." मास्तरीणबाई म्हणायच्या, "घरात शब्द फुटत नाही, आणि माझं भरीत मात्र भोपाळला पोचतं!"

एका रविवारी भोपाळवाल्यांनी सांगितलं की मुलानं त्यांना आपल्याकडे बोलावलंय, तिसऱ्या मजल्यावर, तिथं एरियल बांधायला जागा नाही. सेट विकायचं ठरलं होतं. पुढच्या रविवारी बारा वाजता घेणारा येऊन तो उचलून नेणार. म्हणजे अकरा ते बारा, शेवटचं बोलणं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि बुधवारी त्यांना हिवताप भरला. हुडहुडी भरून चार गोधड्यांखाली पडले. रविवारी ताप उतरला, पण उठवत नव्हतं. मास्तरीणबाईंनी त्यांना भिंतीशी टेकवून बसवलं, हातात माईक दिला. मी पेटीपुढे. साडेदहा वाजलेले.

खरखर फुगेना. खटका एकावरून अकरापर्यंत नेऊन आणला. भुरभुरच, भर्र नाही. जरा बरं वाटलं तिथं मास्तरांनी बटण दाबलं. काटा वर. सोडलं. पुन्हा मुठी. पुन्हा काटा वर. तिसऱ्यांदा व्हॉल्व्हची कड लाल झाली आणि मास्तर म्हणाले, "राहू दे पोरी. व्हॉल्व्ह जाईल." त्यांनी माईक गोधडीवर ठेवला. पावणेअकरा.

म्हटलं, तार तीच, पेटी तीच, मी तीच. मग गेल्या रविवारी आणि आजमधे बदललं काय? तेवढ्यात मास्तरीणबाई गोधडी सारखी करत पुटपुटल्या, "चार दिवस अंगाला पाणी नाही यांच्या, वास मारतोय नुसता."

मी उठले ती धावतच अंगणात. खड्ड्यात हात घातला. माती कोरडी ठाक, कांबीभोवती बोटभर भेग. ओल नसली की कांब जमिनीला धरत नाही. अर्थच तहानलेला, मग पेटीनं बिचारीनं समजूत काढायची कोणाची?

घरात पाण्याचा एकच हंडा, पिण्याचा. मी तो उचलला. आतून मास्तरांना हंड्याचा आवाज ऐकू गेला. कान ना ते! ओरडले, "खबरदार! हिच्या पिण्याचं पाणी मातीत घालशील तर परवाना फाडून टाकीन!"

मी हंडा ठेवला आणि भिंतीवरून आईला हाक मारली. आईनं आधी ऐकून घेतलं, मग कमरेवर हात ठेवले. "म्हंजी ते अभिषेक घालीत हुते ते खरंच कामाचं हुतं व्हय?"

"व्हय गं आये, दे काहीतरी! भांड्यांचं, कपड्यांचं, कसलंही!"

आईनं जमीन सारवायला राखलेली धुण्याची बादली उचलली आणि जाता जाता गल्लीत आवाज दिला, "अगं ए बायांनो, तारमास्तरच्या खड्ड्याला पानी पायजे! पिन्याचं नको, खरकटं आना!" मग काय विचारतेस. कोणी तांदळाचं धुवण, कोणी भांड्यांचं राखेचं पाणी, कोणी पोराच्या आंघोळीचं घमेल्यातून आणलं. एक म्हातारी नुसता चूळ भरायचा तांब्या घेऊन आली. "मास्तर न्हाले न्हाईत व्हय? मंग आपुनच घालू त्यांच्या कांबीला आंगूळ," म्हणून हसत ओतलं. खड्डा गटागटा प्यायला.

मी आत येऊन डोळे मिटले. खटका तीनवर नाही, पाचवर. डावी मूठ. उजवी. भुरभुर, भुरभुर, आणि भर्र! मास्तर गोधडीतून म्हणाले, "थांब. केसभर मागे. हं." बटण दाबलं. काटा हलला, खाली आला, अजून खाली, आणि मांजर बसतं तसा बसला.

अकराला तीन मिनिटं होती.

भोपाळवाले पहिल्या हाकेला आले. म्हणाले, "मास्टरजी, आज तो आवाज़ घंटी जैसी है! किसने ट्यून किया?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीत गर्दी केलेल्या बायकांकडे. म्हणाले, "पूरे मोहल्ले ने." मग दोघं तासभर काय बोलले? भरीत, गुडघे, हिवताप, कुठल्याशा जुन्या साहेबाची नक्कल. बाराला पाच कमी असताना मास्तरांनी माईक बाजूला ठेवला, तार ठोकायच्या किल्लीवर थरथरता हात ठेवला आणि तारेच्या भाषेत काहीतरी ठोकलं. तिकडून तेच ठोकून आलं. मला तेव्हा ती भाषा येत नव्हती. पुढं शिकले, परीक्षा दिली, परवाना काढला, तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाले, "रोज ड्यूटी संपली की आम्ही तेच ठोकायचो. उद्या भेटू."

पुढं मास्तर-मास्तरीणबाई मुलीकडे संगमनेरला गेले. जाताना पेटी माझ्या हातात दिली. "आकडे झाकलेले ठेव," म्हणाले. तिकडेच ते गेले, शांतपणे. पण गंमत सांगू? ते गल्लीतून गेल्यावरही कितीतरी दिवस बायका भांड्यांचं पाणी त्या खड्ड्यातच आणून ओतायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय.

ते घर पुढं मी घेतलं, हे तुला माहीत आहेच. न्हाणीचा पाट मी त्याच कांबीकडे वळवलाय. तेव्हा तुझा तो बटणवाला ट्यूनर घेऊन एकदा ये. माझ्या पेटीशेजारी मांडू, दोघांचं पटतं का बघू. लवकर ये, लिंब आता उंच झालाय आणि तार बांधायला मला वर चढवत नाही. आणि हो, निघताना आंघोळ करून निघू नकोस. इथं येऊन कर.