वीरभद्राची गाइडसेवा

सास्तूरच्या वीरभद्रानं पीएचडीची प्रवेश परीक्षा, म्हणजे ‘पेट’, पहिल्याच दणक्यात काढली, तेव्हा त्याला वाटलं की आता अर्धी पीएचडी झाली. उरलेली अर्धी म्हणजे गाइड मिळवणं. आणि गाइड मिळवायचा तर आधी त्याच्यापर्यंत पोचवणारा माणूस पाहिजे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, शिकवावंही लागत नाही. आपल्याकडं साध्या दवाखान्यात जायचं तरी माणूस आधी कंपाउंडर कुणाच्या पाव्हण्यातला ते काढतो. इथं तर स्वतःच डॉक्टर व्हायचं होतं.

वय छत्तीस. लोहाऱ्याला तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली की उपास. पीएचडी असल्याशिवाय कायमची नोकरी नाही, आणि पेटच्या निकालाची मुदत दोन वर्षांनी येणाऱ्या दिवाळीपर्यंत. तेवढ्यात एका गाइडची सही असलेलं संमतीपत्र हाती पडलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. एवढंच काय ते होतं. पण त्या एका सहीवर त्याचा सगळा संसार टांगलेला होता.

पोचवणारा माणूस घरातच निघाला. बायको शिवांजलीचा भाऊ रुद्रेश. त्याचं खताचं दुकान. धाराशिवच्या एका कॉलेजातले डॉ. गौरीशंकर सर यांचं तामलवाडीला शेत आहे आणि त्या शेतात एकदा रुद्रेशनं युरियाच्या टंचाईत सहा पोती पोचती केली होती. याहून मोठी शैक्षणिक पात्रता कुठली?

मग दोघं गेले. शाल, नारळ, दोन किलो कुंथलगिरीचे पेढे. सरांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि विचारलं, “विषय काय घ्यायचा म्हणतोस?”

“सर म्हणतील त्यो,” वीरभद्र म्हणाला.

यालाच ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात. कारण वीरभद्राकडं विषय होता आणि तो चांगला होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जुनं सास्तूर मोडून नवं बसलं. सरळ रस्ते, प्लॉटला नंबर. ज्याची जमीन मोठी त्याला मोठं घर, ज्याची थोडी त्याला लहान, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळींत. त्यात त्याची आई रुद्रम्मा गावाच्या एका टोकाला गेली आणि जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहिलेली सिताबाई दुसऱ्या टोकाला. विरजण मागायला गाव ओलांडायची पाळी आली. सहा वर्षं खपून वीरभद्रानं आईला विचारून विचारून मोडलेल्या गावातल्या एकशे बारा घरांचा नकाशा एका वहीत काढला होता. कोण कुणाचा शेजारी होता, तो आता कुठं आहे, आणि त्या घरात विरजण कुणाकडनं येतं. असला नकाशा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल. पण गुरूपुढं आपलंच घोडं दामटायचं म्हणजे उद्धटपणा, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. घोडं तबेल्यातच राहिलं.

सर म्हणाले, “हे बघ, एकच जागा राहिलीय. तुझ्यासाठी ठेवतो. पण बाहेर कुठं बोलू नकोस.”

वीरभद्र बाहेर आला तो हवेत तरंगत. तिथून दोन वर्षं त्याची गाइडसेवा सुरू झाली. आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर धाराशिव. सरांचा डबा घरून कॉलेजात न्यायचा. सरांच्या सासरची माणसं आली की त्यांना तुळजापूरचं दर्शन घडवायचं आणि येताना त्यांच्या चपला मोजून घ्यायच्या. तामलवाडीच्या बोअरची मोटर वर काढताना दोर धरायचा. हिवाळ्यात सरांची सगळी मंडळी सास्तूरला हुरड्याला आणली, तेव्हा रुद्रम्मानं लसणाची चटणी कुटून कुटून मनगट धरून बसायची वेळ स्वतःवर आणून घेतली. सरांच्या बायकोच्या, उमादेवींच्या, बीपीच्या गोळीचं नाव, ताकद आणि कंपनी वीरभद्राला पाठ होती. सरांनी कशावर संशोधन केलंय, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. विचारणार कसं? आणि सरांना तरी ते आठवलं असतं की नाही, देव जाणे.

घरात शिवांजलीला मात्र हे सगळं कळत होतं. तिनं उन्हाळ्यात एक दिवस मोबाइलवर विद्यापीठाची यादी उघडली, कुठल्या गाइडकडं किती जागा रिकाम्या त्याची.

“अहो, यात तुमच्या सरांचं नावच न्हाय की.”

“ती यादी जुनी हाय. सर म्हणले.”

“गेल्या आठवड्याची तारीख हाय वर.”

“तू सरांवर इस्वास ठिवनार का मोबाइलवर?”

“म्या तुमच्या वहीवर ठिवते,” ती म्हणाली. “ती दावली का सरांला?”

“येळ आली की दावीन.”

“दोन साल झालं. येळ काय यष्टीनं यायलीय का?”

रुद्रम्मा चुलीपुढून म्हणाली, “यप्पा, लेकरा, सून म्हणती ते ऐक.” पण पुरुषानं घरात दोन बायकांचं ऐकलं तर त्याला संशोधक कोण म्हणेल?

मुदतीची दिवाळी दोन महिन्यांवर आली तसा वीरभद्राचा धीर सुटायला लागला. सरळ जाऊन “सर, सही द्या” म्हणणं त्याच्या भिडस्त जिभेला जमेना. भीड भिकेची बहीण, हे तो वर्गात पोरांना सांगायचा. म्हणून त्यानं आपल्याकडची सगळ्यात जालीम विद्या काढली. सरांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स!

तारीख आणि वय उमादेवींकडून काढलं. गोळ्या द्यायला गेला तेव्हा त्या कौतुकानं म्हणाल्या, “यंदा एकोणसाठ पुरी व्हत्यात ह्यांला. दिसत न्हायती न्हवं?” दिसणार कसे? केस काळे करायची शीशी वीरभद्रच आणून देत होता. फ्लेक्स वीस बाय दहाचा. मधे गॉगल घातलेले सर, वर ‘मराठवाड्याचा ज्ञानसूर्य’, आणि ‘५९ व्या वाढदिवसानिमित्त’ हा आकडा लाल, माणसाच्या उंचीचा. खाली शुभेच्छुक म्हणून सरांकडं येणारी-जाणारी आठ तोंडं. सरांच्या घरी कुणी भाजी निवडताना दिसायचं, कुणी गाडी धुताना. स्वतःला सोडून बाकी सातजणांचे फोटो वीरभद्रानं हौसेनं मागून घेतले आणि प्रत्येकाच्या नावाखाली छापलं, ‘पीएचडी संशोधक’. आपल्या नावाखाली नम्रपणे छापलं, ‘भावी संशोधक’.

सकाळी कॉलेजसमोरच्या चौकात आठही जण फ्लेक्सखाली जमले. व्यंकट नावाचा एक जण मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, “म्या कुठला संशोधक? मलाबी अजून सही मिळाली न्हाय. सर म्हणले, एकच जागा हाय, तुझ्यासाठी ठिवलीय.”

“मलाबी तसंच म्हणले,” दुसरा म्हणाला.

“बाहेर बोलू नको म्हणले?” तिसऱ्यानं विचारलं.

आठजणांनी एकमेकांकडं पाहिलं. दोन वर्षं प्रत्येकजण बाकीच्या सातांना सरांचे खरे विद्यार्थी समजून त्यांना चहा पाजत होता.

तेवढ्यात कॉलेजचा क्लार्क कुमार तिथं आला. पीएचडीचे कागद तोच बघतो. त्यानं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, आकड्यापाशी थांबला आणि हसायला लागला. “वीरभद्र सर, तुमी छापला व्हय हे? आवो, रिटायर व्हायला तीन वर्सं शिल्लक नसतील तर गाइडला नवा विद्यार्थी घेताच येत न्हाय. साठाला रिटायर. ह्यांचं खातं दोन वर्सांपूर्वीच बंद झालंय.”

“मग आमाला कुणी सांगितलं का न्हाय?”

“तुमी इचारलं कुणाला?” कुमार म्हणाला, आणि चहाला गेला.

वीरभद्र सरांच्या घरी गेला. रागानं गेला, पण दारात चपला काढता काढता राग तिथंच चपलांपाशी राहिला. सर पेपर वाचत होते.

“सर, जागा...”

“मी तुला कधी लेखी दिलं होतं का?” सर पेपरातूनच म्हणाले. “माझं वय चौकात टांगलंस! लोक काय म्हणतील? आधी उतरव ते. आणि फाडू नकोस. तामलवाडीला कडब्यावर टाकायला होईल.”

आणि सांगायला लाज वाटते, पण त्यानं तो उतरवला, घडी घातली आणि तामलवाडीला पोचता केला. येताना मात्र गाडी बाजूला लावून तो एका बाभळीखाली बराच वेळ रडला. डबे वाहिल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. आईचं दुखणारं मनगट आठवत होतं.

दिवाळीला बारा दिवस राहिले. शिवांजलीनं वही त्याच्या पिशवीत घातली आणि उन्हाळ्यात यादीत पाहिलेलं एक नाव कागदावर लिहून दिलं. डॉ. हर्षाली मॅडम. त्याच कॉलेजात, सरांच्या शेजारचीच खोली. रुद्रेशनं सगळीकडं चौकशी केली, पण मॅडमना ना शेत, ना खताची गरज, ना इकडचे कुणी पाव्हणे. मग वीरभद्र एकटाच गेला. हातात नारळसुद्धा नव्हता, त्यामुळं हातांचं काय करावं ते त्याला कळेना.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “काय शोधायचंय तुम्हाला?”

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आधी अडखळत, मग न थांबता तो बोलत गेला. जुनी गल्ली, प्लॉटचे नंबर, रुद्रम्मा, सिताबाई, विरजण. मॅडमनी वही ओढून घेतली आणि पानं उलटू लागल्या.

“सुरुवातीला ह्या बायका विरजण कुणाकडून आणायच्या? नव्या शेजारणीकडून?”

“न्हाय मॅडम. पहिली सात-आठ वर्सं भावकीतनंच. लांब असलं तरी चालत जायच्या. मग हळूहळू शेजारणीकडनं.”

“म्हणजे शेजार तयार व्हायला सात-आठ वर्षं लागली,” मॅडम म्हणाल्या. वही मिटून त्यांनी ती थोडा वेळ हातातच धरून ठेवली. “फार चांगलं काम आहे हे. पण माझ्याकडं आता एकही जागा नाही. शेवटची जूनमध्ये गेली.”

वीरभद्रानं वही परत घ्यायला हात पुढं केला.

“गेल्या वर्षी माझ्या दोन जागा रिकाम्या गेल्या,” त्या म्हणाल्या. “पूर्ण वर्षभर यादीत नाव होतं. तुम्ही तर डबा घेऊन ह्याच दारावरून जाताना दिसायचात. तेव्हा आत का नाही आलात?”

दोन वर्षांत ह्या इमारतीत त्याला कुणी खरं उत्तर मागितलं नव्हतं. त्यानं ते दिलं.

“तुमच्या वळखीचं कुणी सापडंना, मॅडम.”