मास्तर मागून गायले

आमचे मास्तर गाणं शिकवायच्या आधी बसायला शिकवत. महाल वस्तीतल्या त्यांच्या खोलीत शिष्यानं दारातून यायचं, नमस्कार करायचा, मांडी घालायची, तंबोरा लावायचा आणि घाई न करता पहिला सा लावायचा. कुणाची लोकांसमोर गायची बैठक ठरली की आठवडाभर हाच रियाज. ‘‘गाणं तोंड उघडल्यावर नाही सुरू होत गा,’’ ते म्हणत. ‘‘लोक तुले दारापासूनच ऐकून राहिले असतात.’’

दिवसा ते शाळेत ड्रॉइंग शिकवत, संध्याकाळी आम्हाला ख्याल. ताना घेता घेता आम्ही रंगात आलो की नेमके थांबवत. ‘‘थकायच्या आधी ऊठ. थकलेला गळा चूकच पाठ करते.’’ आम्ही गात असताना ते मुद्दाम पाण्याचा पितळी गुंड फरशीवर आपटत. जो दचकला त्यानं ती ओळ पुन्हा म्हणायची. सूर हुकल्यावर कुणी जीभ चावली तर मात्र त्यांना राग येई. ‘‘लोकांले चूक नाही समजत, तुयं तोंड समजते.’’

तरुणपणी यांनी मोठमोठ्या मैफिली मारल्या असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

माझी पहिली बैठक धंतोलीतल्या एका वकिलांच्या बंगल्यावर ठरली, सकाळची. आदल्या दिवशी मी सहज विचारलं, ‘‘मास्तर, तुमची पहिली बैठक कुठं झाली?’’

त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते बाहेर निघून गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तांदूळ निवडत होत्या.

‘‘काहून विचारलं गा त्यांले?’’ त्या म्हणाल्या. ‘‘जबलपूरले बसले होते एकदा, लग्नाच्या आधी. तंबोरे लागले, लोक जमले, अन् यांचं तोंडच उघडलं नाही. तसेच उठून आले. मंग कधी बसलेच नाहीत.’’

मी सुन्न झालो. ज्या माणसाच्या शब्दावर विसंबून मी उद्या लोकांसमोर जाणार होतो, त्यानं लोकांसमोर एक सूरही लावलेला नव्हता. फसवल्यासारखं वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली.

सकाळी मास्तर तंबोरा घेऊन माझ्या जागेमागे आधीच बसले. मी दारातून आलो, नमस्कार केला, मांडी घातली, सगळं शिकवल्याप्रमाणे. सा लावायला तोंड उघडलं, तर घशातून काहीच येईना. तबलजी माझ्याकडे पाहत राहिले. समोरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. जबलपूरला असंच झालं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात मागून सूर आला. मास्तर गात होते.

आधी आवाज कापत होता. मग तो षड्जावर ठरला आणि असा उघडला, की खोलीतही आम्ही तो कधी तसा ऐकला नव्हता. मी मान वळवून पाहिलं. मास्तर घामानं निथळत होते, डोळे सताड उघडे. तोडीच्या ख्यालाचा मुखडा त्यांनी घेतला, तबलजींनी भानावर येऊन ठेका धरला, आणि समेवर येताच ते माझ्या कानाशी वाकले. ‘‘चाल गा आता.’’

मी गायलो. काय गायलो ते आठवत नाही.

शेवटी वकिलांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले. ‘‘पुढली बैठक तुमची,’’ ते म्हणाले. मास्तर तंबोऱ्याकडे वळले. गवसणी त्यांनी उलटीच चढवली; ती काढून मीच नीट घातली.

पुढच्या शिकवणीला गेलो तर ते दारातच उभे. ‘‘तू आता माझ्यापाशी येऊ नको.’’

‘‘मास्तर, माझं काही चुकलं का?’’

‘‘नाही गा. गाणं सुरू झाल्यावर लोकांसमोर काय करा लागते, ते मले ठाऊक नाही. मी सुरुवातीपर्यंतच गेलो होतो. इंदूरच्या खाँसाहेबांले तुयासाठी शब्द टाकला आहे. तिकडे जा.’’

मी नमस्काराला वाकलो. तेव्हा ते खाली पाहत म्हणाले, ‘‘वकीलसाहेबांले मी हो म्हणून आलो. जायच्या आधी माझ्या मागं बसशील काय?’’

त्या बैठकीला मी बसलो. तंबोरा छेडत, त्यांच्या पाठीवर नजर लावून, गळ्यात सा तयार ठेवून. तो लावायची वेळ आली नाही.