रिकाम्या वॉर्डातला आशीर्वाद

बोईसरच्या खाणावळीत पोळ्या लाटणारी तृतीयपंथी हिना न्यूमोनियाच्या तापाने फणफणली. पालघरच्या एका रुग्णालयात तिला ना बायकांच्या वॉर्डात घेतलं, ना पुरुषांच्या. बंद पडलेल्या वॉर्डात तिला एकटीलाच झोपवलं. भर दुपारी सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढू लागलं. हाका मारून तिचा घसा बसला.

मग दार किलकिलं झालं. एका कोळीण आजीने आत येऊन तान्हा नातू हिनाच्या कुशीशी ठेवला.

"मावशे, तुमचा आशीर्वाद फळतो म्हनतान."

"आजी, आधी नर्सला बोलवा. रक्त चढतंय."

"आदी हात ठेव."

हिनाने सुई टोचलेला हात बाळाच्या टाळूवर ठेवला. आजीने डोळे मिटून हात जोडले आणि बाळ उचललं.

"नर्सला सांगाल ना?"

"मी हिकरं आलती, ते कुनाला कळाया नको," म्हणत आजीने बाहेरून कडी घातली.